सुताराच्या दारात बर्गी

भिलाईत ठोकाठोकीचं कोणाला अप्रूप नाही. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि तेव्हापासून हे गाव तीन पाळ्यांत काही ना काही वितळवत, ठोकत आणि लाटत आलं आहे. देशाच्या रेल्वेचे रूळ इथे लाटले जातात. अशा गावात पहाटे कोणी झाडावर ठकठक करू लागलं, तर माणसं कूस बदलतात आणि पुन्हा झोपतात. पुण्यात याच आवाजावर सोसायटीची तातडीची सभा भरली असती.

त्यामुळेच आमच्या क्वार्टरमागच्या गल्लीतल्या गुलमोहरावर सुतार पक्ष्याने घर कोरायला घेतलंय, हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. पहिल्यांदा कळलं ते झाडलोट करणाऱ्या बाईंना. "बढई लगाए हव का साहब?" असं त्यांनी मलाच दरडावून विचारलं. झाडाखाली रोज ढलप्या पडत होत्या, बाई रोज त्या झाडत होत्या, आणि हा उद्योग माझा असावा असा त्यांचा ठाम समज झाला होता. मी मान वर केली. वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला, मूठ जेमतेम जाईल एवढं गोल भोक. त्यातून एक डोकं बाहेर आलं, चोचभर भुसा बाईंनी नुकत्याच झाडलेल्या जागेवर टाकला आणि पुन्हा आत गेलं.

आता माझ्या लेन्सविषयी सांगायला हवं. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा मुलं म्हणाली, रायपूरला फ्लॅट घेऊन ठेवा. मी सहाशे मिलिमीटरची लेन्स घेतली. तेव्हापासून घरात कोणी 'फ्लॅट' म्हटलं की मी पक्ष्यांविषयी बोलू लागतो. अशा माणसाच्या परसदारी सुताराने बिऱ्हाड थाटावं, म्हणजे गुंतवणुकीवर व्याज सुरू झाल्यासारखंच होतं. पण त्यात एक पंचाईत होती. मला हवा होता मराठा सुतार.

मराठा सुतार असा खरोखरच एक पक्षी आहे. बुलबुलाएवढा, पिवळ्या कपाळाचा, अंगभर पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांचा. नराच्या डोक्यावर मागच्या बाजूला लाल पट्टा. जॉन लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८०१ साली त्याचं शास्त्रीय बारसं केलं आणि नावात 'महरट्टेन्सिस' घातलं. छत्तीसगडातल्या मराठी माणसाला तो आपला वाटला तर नवल नाही. गावाबाहेरच्या उघड्या रानात तो दिसतो आणि कॅमेरा रोखला की फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. गनिमी कावा रक्तातच आहे, दुसरं काय.

आमच्या गुलमोहरावर आला होता तो मात्र सोनपाठी सुतार. पाठ सोन्याची, गळा काळा, माथ्यावर लालभडक तुरा आणि आवाज असा की आपल्याच विनोदाला आपणच हसणाऱ्या माणसाची आठवण यावी. पक्षी देखणा, तक्रारीला जागा नाही. पण लिनियसने १७५८ मध्ये त्याची नोंद केली ती बंगालच्या नावावर. त्याच्या शास्त्रीय नावात आजही 'बेंगालेन्से' आहे. ही माहिती आमच्या मागच्या क्वार्टरमधल्या दादांच्या कानावर गेली आणि गुलमोहराची मालकी बदलली.

दादा कोक ओव्हनमधून निवृत्त झाले. गुलमोहराचं खोड आमच्या बाजूला, वाळकी फांदी त्यांच्या बाजूला. "आमादेर पाखी," असं म्हणून त्यांनी फांदीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या दुसऱ्या पाहण्यात पावणेतीनशे वर्षांचा इतिहास होता. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर रतनपूरवर चालून आले आणि पुढे बंगालकडे वळले. म्हणजे बंगालच्या मुलांना ज्यांच्या नावाने अंगाईत भीती घातली जाते, ते बर्गी, म्हणजे मराठी घोडेस्वार, आमच्याच भागातून तिकडे गेले होते. अलीवर्दीखानाने १७४४ मध्ये भास्करपंतांना बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि तंबूतच मारलं. दादा हा प्रसंग फार रंगवून सांगतात. म्हणून त्यांनी "या, बसून बोलू" म्हटलं, की मी कुंपणापाशी उभ्यानेच बोलतो.

एक योगायोग मी त्यांना ऐकवला. लिनियसने हा पक्षी बंगालच्या नावावर चढवला, त्याच १७५८ साली बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला बसून छत्तीसगडचा कारभार हातात घेतला. मुलूख आम्हाला, पक्षी तुम्हाला, हिशेब मिटला. दादा म्हणाले, "मुलूख तो गया भाईसाब. पाखी अभी भी बैठा है."

फोटोची तयारी मी रीतसर केली. गल्लीत तिपाई लावली, तिच्यावर लेन्स चढवली, खाली खुर्ची टाकली. बाई थबकल्या. "चिरई के फोटू बर अतेक बडे तोप?" एवढं बोलून त्या कामाला लागल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरा आवाज आला. "अहो, बाळंतिणीच्या खोलीपुढे खुर्ची टाकून बसतं का कोणी?"

मी समजावून सांगू लागलो, की हा छंद जुना आहे, याला जगभर मान आहे, इंग्लंडात एरिक हॉस्किंग नावाचा मोठा पक्षी-छायाचित्रकार होऊन गेला. १९३७ मध्ये तो रात्री घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणीकडे निघाला असताना घुबडाने अंधारात झडप घातली आणि त्याचा डावा डोळा गेला. तरी त्याने छंद सोडला नाही. पुढे आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव 'ॲन आय फॉर अ बर्ड'.

"मग यात घुबडाचं काय चुकलं?" खिडकीने विचारलं.

मला उत्तर सुचलं नाही, कारण कायदाही खिडकीच्या बाजूने आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' कशाला म्हणावं हे सांगितलं आहे, आणि त्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणंही धरलेलं आहे. बंदूक लागतेच असं नाही, खुर्चीवरही भागतं. हल्ली पक्ष्यांच्या फोटोंच्या अनेक स्पर्धा घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत. कारण साधं आहे. माणूस फार जवळ बसला की पक्षी घरट्याशी यायचं टाळतो, अंडी थंड पडतात, पिल्लं उपाशी राहतात. आणि कावळ्याला आयता पत्ता मिळतो. कावळा घरटं शोधत बसत नाही, घरट्याकडे टक लावून बसलेला माणूस शोधतो.

तेव्हा लांब जायचं ठरलं. पण जिथून फांदी नीट दिसेल, सकाळचं ऊन पाठीशी राहील आणि पक्ष्याला आपली पर्वा वाटणार नाही, अशी जागा आख्ख्या गल्लीत एकच होती: दादांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. म्हणजे पुन्हा बंगालवर स्वारी.

तहाच्या वाटाघाटी कुंपणावरून झाल्या. गच्ची दादांची, चहा आमच्याकडून, आणि दर चार फोटोंमागे एक दादांच्या मालकीचा. चौथाई! १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने भोसल्यांना बारा लाख रुपये चौथाई कबूल केली होती. तिची उलटी वसुली भिलाईच्या एका गच्चीवर सुरू झाली, आणि ती वसूल करणाऱ्याने वर चहात साखर कमी असल्याची तक्रारही केली.

कूलरच्या वेळी खिडकीला लावतो ती हिरवी जाळी टाकीभोवती बांधून मी लपण तयार केली. एप्रिलमधल्या भिलाईच्या गच्चीवर जाळीत बसणं म्हणजे काय, हे भट्टीवर काम केलेल्या माणसालाच सोसेल. फरक इतकाच की भट्टीवर आठ तासांनी सुटका होते आणि महिनाअखेर पगार होतो.

पण दिसायचं ते असं. पक्षी आधी शेजारच्या कडुनिंबावर येतो, एकदा खदखदून हसतो. मग हेलकावे घेत येऊन फांदीला भोकाच्या वीतभर खाली चिकटतो. त्याच्या पायाला दोन बोटं पुढे आणि दोन मागे. शेपटीची ताठ पिसं सालीवर दाबून तो तिसरा पाय तयार करतो. माझी तिपाई पाच हजारांची आणि तरी डगमगते. त्याची अंगातच, आणि हलत नाही. लगेच आत जात नाही. मान फांदीच्या डावीकडून काढतो, मग उजवीकडून. आतून जोडीदाराचं डोकं बाहेर येतं. मादी असेल तर कपाळ काळं आणि त्यावर पांढरे बारीक ठिपके, लाल रंग फक्त मागे. नर असेल तर माथा पूर्ण लाल. क्षणभर दोन डोकी समोरासमोर. मग आतला बाण सुटावा तसा निघून जातो आणि बाहेरचा आत शिरतो. एक शब्द नाही, मागचा हिशेब नाही, 'काल तू उशिरा आलास' नाही.

हे सगळं फोरमनसाहेबांना फार भावलं. फोरमनसाहेब म्हणजे पलीकडचे शेजारी, सारं आयुष्य मेंटेनन्समध्ये गेलेलं. रोज संध्याकाळी ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिवसभराचे फोटो पाहायचे. "देखिए," ते म्हणाले, "रिलीव्हर आए बिना जगह नहीं छोडता. यह हुआ डिसिप्लिन." मग त्यांनी ड्यूटीचा तक्ता विचारला. मी सांगितलं, की अंडी उबवणं दोघांकडे, पण सुतारांच्या कुळात रात्रपाळी बहुधा नराकडे असते. चहाचे कप गोळा करायला आलेली सौ. दारातच थांबली. "ऐकलंत ना?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. आमच्या नातवंडांची शाळा सुरू होईपर्यंत घरी रात्रीचं कोण उठायचं, हा विषय त्या दोन शब्दांत आवरला.

फोरमनसाहेबांचा दुसरा प्रश्न डोक्याचा होता. इतकं ठोकून याचं डोकं कसं दुखत नाही? हा प्रश्न मोठमोठ्यांना पडलेला आहे. २००६ चं पक्षिशास्त्राचं इग नोबेल याच कोड्यावर काम केल्याबद्दल इव्हान श्वाब आणि दिवंगत फिलिप मे या अमेरिकन संशोधकांना मिळालं. पुष्कळ वर्षं पुस्तकांत लिहिलेलं असायचं, की सुताराच्या कवटीत स्पंजासारखं हाड असतं आणि ते धक्का शोषून घेतं. मी हे मोठ्या अधिकाराने सांगितलं. फोरमनसाहेबांनी मान हलवली. "हथौडे में शॉक ॲब्सॉर्बर? फिर ठोकेगा क्या?" धक्का शोषला गेला तर लाकडात शिरणार काय, असा त्यांचा रोकडा सवाल.

मी घरी येऊन शोधलं. बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठातले सॅम व्हॅन वासेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुतारांचं अतिवेगवान चित्रीकरण करून २०२२ मध्ये नेमकं हेच छापलं होतं. सुताराचं डोकं ठोकताना धक्का शोषत नाही, ते आख्खं एखाद्या कडक हातोड्यासारखं चालतं. आणि मेंदू इतका लहान की तेवढा धक्का त्याला इजा करण्याच्या पातळीला पोचत नाही. मी हे वाचून दाखवलं. फोरमनसाहेबांना आनंद झाला नाही. "इतनी सी बात के लिए कॅमेरा लगाया? हमसे पूछ लेते." मेंदू लहान असल्याने डोकं शाबूत राहतं या वाक्यावर मात्र त्यांनी दोन-तीन जुन्या वरिष्ठांची उदाहरणं दिली. ती इथे देता येत नाहीत.

त्याच बैठकीत सुताराच्या जिभेचाही विषय निघाला. तिला आधार देणारी हाडं घशातून मागे जाऊन कवटीला वळसा घालून वर येतात, म्हणून ती लांबवर बाहेर काढता येते आणि मुंग्यांच्या बिळात खोल जाते. एवढी लांब जीभ डोक्याभोवती गुंडाळून गप्प बसणारा प्राणी पाहून दादांनाही आदर वाटला. ते स्वतः बोलत असल्यामुळे तो त्यांना फार वेळ व्यक्त करता आला नाही.

मी अमेरिकेची गोष्ट सांगितली. १९९५ साली फ्लोरिडात डिस्कव्हरी हे अंतराळयान उड्डाणाला सज्ज उभं होतं. तिथल्या फ्लिकर जातीच्या सुतारांनी त्याच्या इंधनटाकीवरच्या फोमला भोकं पाडली. उड्डाण जूनमधून जुलैत गेलं, यान दुरुस्तीला माघारी न्यावं लागलं, आणि पुढे पक्ष्यांना पळवायला 'नासा'ने प्लास्टिकची घुबडं बसवली. "पाखी देखो," दादा म्हणाले, "अमेरिका को रोक दिया." तो सुतार बंगालचा नव्हता, हे सांगून मी तह मोडला नाही.

फोटो मात्र मनासारखा येईना. मासिकात पाहावेत तसे फोटो म्हणजे चोचीत हिरवी अळी, भोकात तीन पिल्लं, मागे मलईसारखी पार्श्वभूमी. आमच्या जोडप्याची चोच नेहमी रिकामी. सोनपाठी सुतार मुंग्या आणि त्यांची अंडी-कोशित खाऊन येतो आणि पिल्लांना घशातून काढून भरवतो. त्यामुळे चित्रात आई नुसतीच पिल्लाच्या तोंडात चोच घालून त्याला रागावते आहे असं दिसायचं. उरलेल्या बहुतेक फोटोंत आत गेलेल्या पक्ष्याची शेपटी. चौथाईत दादांच्या वाट्याला नेमक्या शेपट्या जास्त आल्या, आणि यामागे मराठ्यांचा डाव आहे अशी त्यांची खात्री झाली.

ही बातमी फुटायची ती फुटलीच. एका रविवारी बाहेरगावची तरुण मंडळी गाडीतून उतरली. अंगात जंगली रंगाची जाकिटं, हातात माझ्या लेन्सला लाजवील अशी लेन्स. त्यांना भोकासमोरची पानं अडचणीची वाटत होती. एकाने शिडी आहे का विचारलं. दुसऱ्याने मोबाईलवर सुताराचा आवाज लावला. आपल्या हद्दीत परका नर आला असं समजून आमचा नर पिल्लं सोडून धावत आला, फांदीफांदीवर चिडून ओरडत फिरला. त्यांच्या कॅमेऱ्यांचा कडकडाट सुरू झाला. पण दादांनी गच्चीचं दार आतून लावून घेतलं होतं, फोरमनसाहेब शिडी घेऊन घरात गेले होते आणि बाई खराटा घेऊन झाडाखाली आल्या होत्या. खराट्याने जेवढी धूळ उडवता येते तेवढी त्यांनी उडवली. लेन्सवाल्याला धुळीइतकं दुसरं कशाचं भय नसतं. दादा गच्चीवरून ओरडले, "बर्गी! बर्गी!" पोरांना अर्थ कळला नाही. मला कळला, आणि पहिल्यांदाच तो शब्द माझ्यासाठी नव्हता.

मे उजाडला तशी पावसाळ्यापूर्वी वाळक्या फांद्या उतरवणारी माणसं आली. वाळकी फांदी दिसली की तोडायची, हा सगळ्या नगरांचा नियम. आणि सुतार घर कोरतो ते बहुधा वाळक्या, आतून मऊ झालेल्या लाकडातच. फोरमनसाहेब झाडाला पाठ लावून उभे राहिले. "रुक जाइए. अंदर फॅमिली है." कुऱ्हाडवाल्या मिस्त्रीने वर पाहिलं. भोकातून एक लाल डोकं बाहेर आलं आणि त्याने मिस्त्रीला न्याहाळलं. मिस्त्रीने आपल्या माणसांना पुढच्या झाडाकडे नेलं. फॅमिली असलेल्या क्वार्टरला हात लावायचा नाही, हे भिलाईत कोणाला शिकवावं लागत नाही.

अंडी फुटल्यापासून साधारण वीस दिवसांत सुताराची पिल्लं उडतात. आमची उडाली तेव्हा मी जाळीत होतो, लेन्स रोखलेली होती, बॅटरी भरलेली होती, आणि सौ. खालून विचारत होती की डाळीत चिंच घालू की आमसूल. मी "आमसूल" म्हणेपर्यंत भोक रिकामं झालं होतं. तेवढ्यात दादांनी मात्र आपल्या मोबाईलवर फोटो टिपला होता. हललेला, वाकडा, अर्ध्यात अंगठा. पण त्यात भोकातून निम्मं बाहेर आलेलं पिल्लू होतं. चौथाईच्या कराराने त्यातला पाव हिस्सा मी मागितला. दादा म्हणाले, "या, बसून बोलू."

सुतार एकदा वापरलेलं घर सहसा पुढच्या वर्षी वापरत नाही, नवं कोरतो. सुटलेलं घर पोपट, साळुंक्या, पिंगळे घेतात. भिलाईत क्वार्टर रिकामं झालं की अलॉटमेंट होईपर्यंत कोण घुसेल हे सांगता येत नाही; गुलमोहरावरही तेच झालं. चारच दिवसांत साळुंकीचं जोडपं काड्या, दोरे आणि बाईंच्या खराट्याचे तुकडे घेऊन आत शिरलं. मी गच्चीवर गेलो नाही. दादांनी तिचं शास्त्रीय नाव विचारलं नाही. फोरमनसाहेबांनी तिचा तक्ता मागितला नाही, बाहेरगावची गाडी फिरकली नाही. साळुंकीला फोटोग्राफर मिळाला नाही, आणि तिची पिल्लं आमच्या सुताराच्या पिल्लांपेक्षा भारी खाऊन-पिऊन, निवांत मोठी झाली.